एकशे ब्याऐंशीवा दिवस

कराडच्या माणसाला एका वर्षात चार-पाच वर्षं सांभाळायची सवय असते. पाडव्याला नवं साल लागतं. तलाठ्याच्या दप्तरातलं महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं. रेठऱ्याचा कृष्णा कारखाना असो की यशवंतनगरचा सह्याद्री, साखर वर्ष १ ऑक्टोबरपासून धरायचं. सोसायटीचं कर्ज ३१ मार्चच्या आत नवं-जुनं करायचं. रानातला आडसाली ऊस मात्र यातल्या कुठल्याच वर्षाला जुमानत नाही. जुलै-ऑगस्टात लावलेला हा ऊस दुसरा पावसाळा बघून, सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. तरी शेतकऱ्याचा हिशोब चुकत नाही, कारण कुठल्या कागदावर कुठलं वर्ष चालतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

वर्षाच्या मध्यात परदेशी निघालेल्या त्याच्या मुलांना नेमकं हेच ठाऊक नसतं. विद्यानगरच्या, १९६० साली सुरू झालेल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून इंजिनियर बाहेर पडताहेत. मलकापूर आणि सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत शिकलेल्या परिचारिका विलायतेची तयारी करतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून तालुक्याच्या गावीही जर्मन भाषेची चौकशी होऊ लागली. व्हिसा, तिकीट, मेतकूट, लोणच्याची बरणी या सगळ्यांची यादी होते. आयकर मात्र पुढच्या जुलैत आठवतो आणि तोवर ठरायचं ते ठरून गेलेलं असतं.

ते ठरवणाऱ्या गोष्टी दोनच: तुम्ही कोणत्या तारखेला निघालात आणि कशासाठी निघालात.

एक विमान, दोन भावंडं

समजा, कराडची एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ २० ऑगस्ट २०२५ ला मुंबईहून एकाच विमानाने निघाले. बहीण पुण्यातली नोकरी सोडून जर्मनीत श्टुटगार्टला नव्या नोकरीवर चालली आहे. भाऊ तिथून पुढे अमेरिकेत एमएस करायला जाणार आहे. दोघांचे आईवडील एकच, घर एक, पासपोर्टवरच्या शिक्क्याची तारीखही एक. पण २०२५-२६ या आर्थिक वर्षापुरती बहीण आयकराच्या लेखी अनिवासी आणि भाऊ निवासी.

हे कसं होतं ते पाहू. आयकर कायदा आधी नागरिकत्व विचारत नाही, तर भारतातले दिवस मोजतो. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात असलात की तुम्ही निवासी. त्यापेक्षा कमी असलात तरी दुसरी एक कसोटी आहे. या वर्षात ६० दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील, तरीही निवासीच. जन्मभर इथे राहिलेल्या माणसाचे मागचे ३६५ दिवस कधीच भरलेले असतात. म्हणजे जूनमध्ये गेला तरी तो निवासीच राहणार.

यातून सुटायची वाट कायद्याने एका कारणासाठी ठेवली आहे. भारतीय नागरिक परदेशातल्या नोकरीसाठी निघत असेल, तर जाण्याच्या वर्षी त्याला ६० ऐवजी १८२ दिवसांची मुभा मिळते. भारतीय जहाजावर खलाशी म्हणून जाणाऱ्यालाही तीच. १ एप्रिल ते २० ऑगस्ट हे दोन्ही दिवस धरून १४२ दिवस होतात. बहीण नोकरीसाठी गेली, १४२ हे १८२ पेक्षा कमी, म्हणून ती अनिवासी. भाऊ शिकायला गेला, शिक्षण ही नोकरी नव्हे. त्याचे १४२ दिवस ६० पेक्षा जास्त, म्हणून तो निवासी. लग्न होऊन नवऱ्यामागे अवलंबित व्हिसावर जाणाऱ्या मुलीचंही तसंच. तिच्या व्हिसावर नोकरीचा शब्द नसतो, त्यामुळे ही मुभा तिला लागू होत नाही.

आपल्या कायद्यात वर्षाचे तुकडे पडत नाहीत, ही दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट. ब्रिटनमध्ये ठरावीक अटी पुऱ्या झाल्या तर एकाच वर्षाचे दोन भाग करतात, येण्याआधीचा परका आणि आल्यानंतरचा निवासी. अमेरिकेतही एका वर्षात दुहेरी दर्जा असू शकतो. भारतात तशी सोय नाही. एक तर अख्खं वर्ष निवासी, नाही तर अख्खं वर्ष अनिवासी. निवासी ठरलात, तर विमानतळाबाहेर पडल्यावर जगात कुठेही मिळवलेला पैसा भारताच्या विवरणपत्रात येतो. अनिवासी ठरलात, तर फक्त भारतात मिळालेलं उत्पन्न येतं.

घर मोजायचं सोडलं, तेव्हापासून

दिवसांवर एवढी भिस्त पहिल्यापासून नव्हती. १९२२ च्या आयकर कायद्यात १९३९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा १८२ चा आकडा आला. पण त्याच्या जोडीला घराची अटही होती. कुणी इथे स्वतःसाठी राहतं घर १८२ दिवस चालू ठेवलं आणि त्या वर्षी तो थोडे दिवस जरी येऊन गेला, तरी त्याला निवासी धरत. १९६१ च्या कायद्यातही ही घराची अट थोड्या फरकाने राहिली. १९८२ च्या वित्त कायद्याने ती काढून टाकली आणि नोकरीसाठी जाणाऱ्यांना १८२ दिवसांची मुभा दिली. आता कराडातल्या घराला कुलूप आहे की आई दिवा लावते आहे, याच्याशी भारतीय आयकराला देणंघेणं नाही.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला. 'मागील वर्ष' आणि 'करनिर्धारण वर्ष' ही डोकेदुखी जाऊन त्यात एकच 'कर वर्ष' आलं, पण दिवसांची मोजणी आहे तशीच राहिली. २०२५-२६ मध्ये गेलेल्यांचं विवरणपत्र मात्र जुन्या कायद्याप्रमाणेच भरायचं.

चार दिवस जास्त राहिलं तर

बहिणीच्या हातात १८१ वजा १४२, म्हणजे ३९ दिवस उरलेत. ३१ मार्चपर्यंत भारतात येऊन तिने एवढेच दिवस राहायचं. दिवाळीला ती १५ दिवस येते. फेब्रुवारीत चुलतभावाचं लग्न निघतं, त्याला २१ दिवस येते. एकूण १७८ झाले, अजून सगळं ठीक आहे. मग मांडव परतणी होते, सत्यनारायण होतो, आत्या म्हणते, "एवढ्या लांबून आलीस आणि लगेच निघालीस?" तिकीट चार दिवस पुढे ढकललं जातं. १८२ दिवस भरले. मराठीत दिवस भरणं वाईट का मानतात, ते इथे कळावं. आता ती अख्ख्या वर्षासाठी निवासी झाली आणि श्टुटगार्टचा सात महिन्यांचा पगार भारताच्या विवरणपत्रात मांडायची वेळ आली.

जाण्याचा आणि येण्याचा असे दोन्ही दिवस भारतातच धरावेत, ही सावध रीत. विमान रात्री दोनचं असेल तर पासपोर्टवरचा शिक्का आदल्या तारखेचा आहे की नव्या, ते तिथेच बघून घ्यावं. १ एप्रिलपासून मोजलं तर १८२ वा दिवस २९ सप्टेंबरला येतो. म्हणून नोकरीवर जाणाऱ्यासाठी २८ सप्टेंबर ही शेवटची बिनघोर तारीख, आणि तीही नंतर मार्चअखेरपर्यंत परत येणार नसलात तरच.

ही तारीख चुकली तर काय होतं, ते एका परिचारिकेच्या हिशोबावरून बघता येईल. समजा, ती १० ऑक्टोबर २०२५ ला ब्रिटनला गेली. भारतात १९३ दिवस झाले, म्हणजे निवासी. इथला सहा महिन्यांचा पगार दीड लाख रुपये. मार्चअखेरपर्यंत ब्रिटनमध्ये ११,००० पौंड मिळाले, पौंडाला ११५ रुपये धरले तर १२ लाख ६५ हजार. ब्रिटनमध्ये वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त असतं आणि मध्येच आलेल्या निवासी माणसालाही ही सूट पूर्ण मिळते. त्यामुळे तिथे आयकर शून्य. भारतात मात्र बेरीज १४ लाख १५ हजार, प्रमाणित वजावट ७५,००० जाऊन १३ लाख ४० हजार. नव्या करप्रणालीत त्यावर उपकरासह ८४,२४० रुपये कर होतो. परदेशात भरलेल्या कराची वजावट मिळते हे खरं, पण तिथे काही भरलंच नाही तर वजा काय करणार? बारा दिवस आधी निघून ती मार्चअखेरपर्यंत परत आली नसती, तर पौंडातल्या पगाराला इथे कर लागलाच नसता.

दोन्ही सरकारं हक्क सांगतात तेव्हा

अशा वेळी दोन देशांमधला दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार कामाला येतो. भारताचे असे करार अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, संयुक्त अरब अमिराती यांच्यासह अनेक देशांशी आहेत. दोन्ही देश एकाच माणसाला आपला निवासी म्हणू लागले, तर करारात पायऱ्या ठरलेल्या असतात. कायमचं घर कुठे आहे? दोन्हीकडे असेल, तर माणसाचे वैयक्तिक आणि आर्थिक संबंध कुठे जास्त घट्ट आहेत? तेही ठरेना, तर तो सहसा राहतो कुठे? मग नागरिकत्व. १९८२ मध्ये कायद्यातून बाहेर पडलेलं घर करारात पुन्हा आत येतं, ते असं. कराराचा आधार घ्यायचा तर त्या देशाचं कर-निवासाचं प्रमाणपत्र हातात लागतं. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधीच करून ठेवावा.

करारानेही निवासी भारताचाच ठरला, तर परदेशात भरलेल्या कराची वजावट मागायची. त्यासाठी १९६१ च्या कायद्याखाली फॉर्म ६७ भरतात आणि कर भरल्याचा पुरावा जोडतात. वजावट मिळते ती परदेशात भरलेला कर आणि त्या उत्पन्नावरचा इथला कर, यांत जो कमी असेल तेवढी. परकी चलनाचे रुपये करताना आपल्या मनाचा दर चालत नाही. स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट धरायचा, तोही पगाराच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा.

जर्मनीत बहिणीला वेगळाच प्रश्न विचारतील. तिथलं कर वर्ष जानेवारी ते डिसेंबर. ती ऑगस्टपासून तिथली पूर्ण करदाती झाली, तरी जानेवारी ते जुलैचा भारतातला पगार जर्मन विवरणपत्रात दाखवावा लागतो. त्यावर जर्मनी कर घेत नाही, पण उरलेल्या उत्पन्नाला कराचा टक्का कोणता लावायचा, ते ठरवताना तो हिशोबात धरते. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नाचं असंच आहे. उसाचं बिल करमुक्त असतं, पण दुसरं उत्पन्न करपात्र असेल तर शेतीचा आकडा दर ठरवण्यापुरता जमेस धरतात. कराडच्या शेतकरी घरातल्या मुलीला हा जर्मन नियम समजायला अडचण येऊ नये.

बहिणीचा परतावा

आता तिचं भारतातलं विवरणपत्र. पगार महिना दीड लाख, नोकरी ३१ जुलैला सोडली, म्हणजे चार महिन्यांचे ६ लाख. कंपनीने वर्षाचे १८ लाख गृहीत धरून पहिले तीन महिने दरमहा कर कापला. १८ लाखांवर नव्या प्रणालीत उपकरासह कर १,५०,८००, तीन महिन्यांचे ३७,७०० झाले. राजीनाम्यानंतर शेवटच्या पगारातून काही कापलं नाही. ६ लाखांतून प्रमाणित वजावट गेली की ५ लाख २५ हजार उरतात. पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या सव्वा लाखावर ५ टक्के, उपकरासह ६,५००. परतावा ३१,२००.

इथे हात मोहात पडतो. फॉर्मवर 'निवासी' असं टिचकवलं, तर १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाची सवलत लागते, कर शून्य होतो आणि सगळे ३७,७०० परत दिसतात. पण ही सवलत फक्त निवासी व्यक्तीला आहे. साडेसहा हजारांसाठी खोटं लिहिलं, तर श्टुटगार्टचा पगार लपवला असा त्याचा दुसरा अर्थ होतो. अनिवासी व्यक्तीला आयटीआर-१ हा सोपा फॉर्मही चालत नाही. तिने आयटीआर-२ भरायचा. मुदत सहसा ३१ जुलैची.

भावाचं विवरणपत्र

भाऊ म्हणेल, माझं उत्पन्नच नाही, मी कशाला भरू? तो या वर्षी निवासी आहे आणि अमेरिकेत पोचल्याच्या आठवड्यातच त्याने तिथे बँकेत खातं उघडलं. परदेशात खातं असलेल्या निवासी माणसाला करपात्र उत्पन्न नसलं तरी विवरणपत्र भरावं लागतं. त्यातल्या 'एफए' या परिशिष्टात ते खातं दाखवायचं, आणि गंमत म्हणजे तिथे आर्थिक वर्ष चालत नाही. ३१ डिसेंबर २०२५ ला संपलेल्या कॅलेंडर वर्षाचे आकडे द्यायचे. हे न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर मालमत्ता सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली. म्हणून विद्यार्थ्याने घाबरून जाऊ नये, पण खातं दाखवायचं टाळूही नये. शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती भारतात करमुक्त आहे. ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत काम करून मिळालेला मोबदला मात्र उत्पन्नात येतो.

अमेरिकेत तो उलट अनिवासी असतो. विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस तिथल्या निवासाच्या मोजणीत धरत नाहीत. त्याने १०४०-एनआर आणि ८८४३ हे फॉर्म एप्रिलमध्ये भरायचे. अनिवासींना तिथली प्रमाणित वजावट एरवी मिळत नाही. भारतीय विद्यार्थ्याला मात्र १९८९ च्या भारत-अमेरिका कराराच्या कलम २१ मुळे ती मिळते. पुष्कळ मुलांना याचा पत्ता नसतो.

वडिलांचंही एक काम असतं. समजा, त्यांनी स्वतःच्या खात्यातून १८ लाख फी पाठवली. २०२५-२६ मध्ये कर्ज न काढता शिक्षणासाठी पाठवलेल्या रकमेवर १० लाखांच्या वर ५ टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच गोळा केला जाणारा कर) लागत होता, म्हणजे ४०,००० रुपये. ते गेले असं समजून अनेक जण सोडून देतात. ते वडिलांच्या पॅनवर जमा असतात आणि त्यांच्या विवरणपत्रात वळते करून घेता येतात.

बँकेचा कायदा वेगळा

आयकर दिवस मोजतो. परकी चलनाचा कायदा, म्हणजे फेमा, हेतू बघतो. नोकरीसाठी देश सोडला की फेमाच्या लेखी तुम्ही लगेच अनिवासी. विद्यार्थ्यांनाही रिझर्व्ह बँक २००३ पासून अनिवासी धरते. म्हणजे भाऊ बँकेला परदेशी आणि आयकराला कराडकर! दोन्ही एकाच वेळी खरं आहे, त्यात चूक काही नाही.

म्हणून निघाल्यावर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं. पतसंस्थेत अशी खाती नसतात आणि प्रत्येक सहकारी बँकेला ती ठेवायची परवानगी नसते, हे जाण्याआधी विचारून घ्यावं. पीपीएफचं जुनं खातं मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही. सातबाऱ्यावर नाव असलेली जमीन तशीच राहते, वारसानेही मिळू शकते. अनिवासी असताना नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. एनआरओ ठेवीच्या व्याजावर उपकरासह ३१.२ टक्के कर आधीच कापला जातो. उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून तो परत मागायचा.

आखाताची वाट धरणाऱ्यांनी आणखी एक बघावं. अमिरातीत पगारावर आयकर नाही. पण भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असलेला आणि कुठल्याच देशात निवासामुळे करपात्र नसलेला भारतीय नागरिक २०२०-२१ पासून मानीव निवासी धरला जातो. म्हणून त्याच्या दुबईच्या पगारावर इथे कर लागतो असं नाही, पण विवरणपत्रातला त्याचा दर्जा बदलतो.

जाताना आयकर खात्याचा ना-हरकत दाखला लागतो, अशी हूल २०२४ च्या अर्थसंकल्पानंतर उठली होती. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने त्याच ऑगस्टमध्ये खुलासा केला की तो सर्वांना लागत नाही. गंभीर आर्थिक गैरव्यवहार किंवा स्थगिती नसलेली १० लाखांवरची करथकबाकी, अशा मोजक्याच प्रकरणांत तो मागतात.

अप्पा, ओटीपी आला का?

विवरणपत्र भरून झालं तरी काम तिथे संपत नाही. ते आपणच भरलं याची खात्री पटवायला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि ते सिम कराडात वडिलांच्या जुन्या फोनमध्ये असतं. श्टुटगार्टहून फोन येतो, "अप्पा, ओटीपी आला का?" इकडून उत्तर, "थांब, चष्मा कुठं ठेवला बघतो." चष्मा सापडेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. रिचार्ज संपून सिम बंद पडलं असेल, तर चष्मा सापडूनही उपयोग नाही. म्हणून ते चालू ठेवावं, किंवा नेटबँकिंगमधून खात्री करायची सोय लावून घ्यावी. काहीच जमलं नाही, तर सही केलेली पोच ३० दिवसांत बंगळुरूच्या केंद्राला टपालाने पाठवता येते. फॉर्म १६, पासपोर्टच्या पानांच्या प्रती, बोर्डिंग पास आणि नोकरीचं नेमणूकपत्र एका फाइलीत ठेवलं, की पुढच्या कुठल्याही विचारणेला उत्तर तयार असतं. दिवसांइतकंच कारणही सिद्ध करावं लागतं, आणि कारणाचा पुरावा म्हणजे ते नेमणूकपत्र.

दुसऱ्या वर्षापासून दोघं भावंडं एका रांगेत येतात. बाहेर राहून भेटीला येणाऱ्या नागरिकाला १८२ दिवसांची मुभा असते. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर गेलं, तर ती १२० वर येते. गुंता असतो तो पहिल्या वर्षाचाच.

त्या वर्षापुरता एक उपाय बिनखर्चाचा आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर जे कॅलेंडर असतं, त्यावर आई दुधाचे खाडे मांडते. कुठल्या दिवशी दूध आलं नाही, तिथे छोटीशी फुली. महिनाअखेरीला गवळी कितीही हुशार असला, तरी त्या फुल्यांपुढे त्याचं काही चालत नाही. लेक परदेशी गेल्यापासूनचे दिवस त्याच चौकटींत मांडून ठेवावेत. ती भारतात असेल त्या दिवशी एक टिंब, नसेल त्या दिवशी खाडा. आत्या आणखी चार दिवस राहा म्हणाली, की उत्तर देण्याआधी टिंबं मोजून घ्यावीत.